आधी वजनकाटा, मग हिच

पुणे-नाशिक महामार्गावर चाकणच्या तळेगाव चौकात थांबलात की कोऱ्या गाड्या लादलेला लांबलचक ट्रेलर शेजारी दिसतोच. पुढे इंजिनाचा घोडा आणि मागे ट्रेलर. दोघांना जोडणारी ग्रीसने माखलेली जाड तबकडी, म्हणजे फिफ्थ व्हील, घोड्याच्या मागच्या चाकांवर किंवा त्यांच्या जरा पुढे बसवलेली असते. ट्रेलरच्या तळातला किंगपिन तिच्यात अडकतो आणि ट्रेलरच्या पुढच्या भागाचा भार थेट घोड्याच्या अॅक्सलवर उतरतो. वजन चाकांच्या डोक्यावर आहे, म्हणून एवढं मोठं धूड सरळ चालतं.

आपल्या एसयूव्हीमागे छोटी कॅराव्हॅन किंवा दोन बाइकचा ट्रेलर जोडायचा म्हटलं की चित्र बदलतं. इथे जोड असतो तो गाडीच्या बंपरखालच्या बॉलवर, मागच्या अॅक्सलच्या साधारण एक मीटर मागे. हा बॉल धरणारा सांगाडा, म्हणजे हिच, कोणता घ्यावा आणि सस्पेन्शनमध्ये काय बदलावं, हे दोन्ही प्रश्न या एका मीटरमुळे उभे राहतात.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या विषयाची विचारपूस वाढली आहे. पवना, मुळशी, भंडारदरा ही ठिकाणं पिंपरी-चिंचवडहून शनिवार-रविवारच्या टप्प्यातली. शिवाय या पट्ट्यात वेल्डर, फॅब्रिकेटर, डिझाइनर, टेस्ट इंजिनीअर हाकेच्या अंतरावर भेटतात. भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये ट्रेलरची चौकट आठवड्याभरात उभी राहते. त्यामुळे सुरुवात बहुतेक वेळा लोखंडापासून होते: आधी हिच ठोकायचा, मग मागून गाडी बसली की स्प्रिंग बदलायचे. माझं म्हणणं आहे की हा क्रम उलटा आहे. सुरुवात वजनापासून व्हायला हवी. वजन कळलं की अर्ध्याअधिक खरेदीची गरजच उरत नाही.

बैलगाडी भरणाऱ्याला हे शाळेत न जाता ठाऊक असायचं. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि गाडी कह्यात राहत नाही. पुढे जास्त झाला तर बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचंही तेच. बॉलवर थोडं वजन दाबून असलंच पाहिजे. ते अगदी कमी असलं, किंवा ट्रेलर मागून जड असला, तर ठरावीक वेगापुढे ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि प्रत्येक झोक्याबरोबर झोका वाढत जातो. याला स्वे म्हणतात. ट्रेलर उलटण्याच्या अपघातांमागचं हे एक मोठं कारण आहे. महत्त्वाची गोष्ट ही की स्वे वेगावर अवलंबून असतो. जो ट्रेलर ताशी 60 ला शहाण्यासारखा चालतो, तोच 90 ला बिथरू शकतो. टोकाला ठेवलेलं वजन झोक्याला बळ देतं, म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी, गॅस सिलिंडर असा जड माल ट्रेलरच्या अॅक्सलजवळ आणि खाली ठेवायचा. मागच्या भिंतीला सायकली टांगण्याचा मोह टाळायचा.

बॉलवर किती वजन हवं, याची उत्तरं दोन खंडांत वेगळी आहेत. अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या 10 ते 15 टक्के धरतात. युरोपात कॅराव्हॅनचं वजन अॅक्सलजवळ आटोपशीर ठेवतात, वेगमर्यादाही कमी असते, त्यामुळे तिथे साधारण 4 ते 7 टक्के चालतात आणि बहुतेक गाड्यांच्या बॉलची मर्यादा 100 किलोच्या आसपास असते. आपण अमेरिकेचे व्हिडिओ पाहतो आणि युरोपातून आलेले सुटे भाग विकत घेतो. घोटाळा तिथेच सुरू होतो.

आता काट्यावर जाऊ. चाकण-भोसरी पट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही, भंगारवाल्यांपासून कारखान्यांपर्यंत सगळ्यांचं काम त्यावरच चालतं. एक उदाहरण घेऊन पूर्ण हिशेब करू. समजा गाडीचा व्हीलबेस 2750 मिलिमीटर आहे आणि बॉल मागच्या अॅक्सलच्या 1100 मिलिमीटर मागे आहे. लादलेल्या गाडीची कमाल मर्यादा 2600 किलो, त्यात मागच्या अॅक्सलची मर्यादा 1450 किलो. ट्रेलरची मर्यादा 1200 किलो.

माणसं, सामान, डिझेल, सगळं भरून गाडी आधी ट्रेलरशिवाय काट्यावर घ्यायची. पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर: 1090 किलो. फक्त मागची चाकं: 1350. पूर्ण गाडी: 2440. आता ट्रेलर जोडायचा आणि त्याची चाकं काट्याबाहेर ठेवून पुन्हा तीच वजनं घ्यायची. पूर्ण गाडी 2540 भरते, म्हणजे बॉलवर 100 किलो आहेत. मागचा अॅक्सल मात्र 1490 दाखवतो आणि पुढचा 1050. बॉलवर 100 ठेवले, तर मागच्या चाकांवर 140 वाढले आणि पुढच्यांवरून 40 उचलले गेले. तरफेचा हिशेब साधा आहे: 2750 आणि 1100 मिळून 3850, त्याला 2750 ने भागलं की 1.4. बॉलवरच्या प्रत्येक किलोमागे मागच्या अॅक्सलवर 1.4 किलो. गाडीचं एकूण वजन मर्यादेत 60 किलो खाली आहे, पण मागचा अॅक्सल 40 किलोने मर्यादेबाहेर गेला आहे. नुसतं एकूण वजन पाहणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

अशा वेळी गाडी मागून बसलेली दिसते आणि स्प्रिंग बदलायचा विचार येतो. त्याआधी डिकी उघडावी. तिथे 60 किलोची हत्यारपेटी आणि कूलर असेल, मागच्या अॅक्सलच्या 600 मिलिमीटर मागे, तर हे सामानही तरफेनेच मागच्या चाकांवर सुमारे 73 किलो टाकतं. 1140 किलो भरलेल्या ट्रेलरमध्ये, त्याच्या अॅक्सलच्या बरोबर वर, हे सामान हलवलं की बॉलवरचं वजन तेवढंच राहतं, ट्रेलर 1200 च्या मर्यादेत बसतो आणि गाडीचा मागचा अॅक्सल 1417 वर येतो. एक पैसा न खर्चता गाडी नियमात आली. बॉलवरचं वजन नंतर घरीही तपासता येतं: बाथरूममधला वजनकाटा, त्यावर लाकडी खुंट, त्यावर ट्रेलरचं तोंड, उंची मात्र बॉलएवढीच. मोठ्या काट्याला पाच-दहा किलोचा फरक दिसत नाही, या छोट्याला दिसतो.

एवढं करूनही गाडी मागून बसत असेल, तर सस्पेन्शनचा विचार करायला हरकत नाही. पिकअप किंवा जुन्या जीपला मागे पाटे असतात. तिथे एखादा पाटा वाढवणं हा आपल्याकडचा जुना, स्वस्त आणि गावोगावी मिळणारा उपाय आहे. त्याची किंमत रिकाम्या गाडीत कळते: कडक झालेला मागचा भाग खड्ड्यावर उडतो आणि पावसात चाक रस्ता सोडतं. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत स्प्रिंगच्या पोटात बसणारी हवेची पिशवी मिळते. ट्रेलर जोडला की हवा भरायची, सोडला की कमी करायची. महिन्यातून एखाद्या वेळी ट्रेलर ओढणाऱ्यासाठी मला ही पिशवी जास्त योग्य वाटते, कारण उरलेले दिवस गाडी मूळच्या नरमाईने चालते. कायमचे जाड स्प्रिंग घालायचे असतील तर शॉक अॅब्सॉर्बरही त्यांना साजेसे हवेत. जुन्या शॉकअपवर कडक स्प्रिंग म्हणजे गाडी प्रत्येक उंचवट्यावर दोनदा-तीनदा हिंदकळणार आणि तो हिंदकळा बॉलमार्गे ट्रेलरला मिळणार. शिवाय फक्त मागची बाजू कडक केली की वळणावर मागची चाकं आधी घसरण्याकडे गाडीचा कल वाढतो. घाटात, पहिल्या पावसाच्या तेलकट रस्त्यावर, हे ध्यानात ठेवावं.

इथे एक गैरसमज इतका पक्का आहे की तो सावकाश सोडवायला हवा. शेपूट वर आलं म्हणजे वजनाचा प्रश्न सुटला, असं धरलं जातं. स्प्रिंग किंवा हवेची पिशवी गाडीची उंची बदलते. वर काढलेल्या हिशेबातले 1490 आणि 1050 हे आकडे तिने जवळजवळ हलतही नाहीत. पुढच्या चाकांवरून उचललेले 40 किलो परत येत नाहीत, म्हणजे स्टिअरिंगचा आणि पुढच्या ब्रेकचा हरवलेला जोर परत येत नाही. अॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची मर्यादाही तीच राहते. टायरच्या बाजूवर भार निर्देशांक छापलेला असतो, उदाहरणार्थ 102 म्हणजे एका टायरला 850 किलो, आणि तोही कंपनीने सांगितलेली हवा भरलेली असेल तरच. दिवे पुन्हा सरळ रोखले जातात आणि गतिरोधकावर हिच घासत नाही, हे स्प्रिंगचे खरे फायदे. तेवढ्यासाठी ते घ्यावेत, वजन वाढवण्याचा परवाना म्हणून घेऊ नयेत.

पुढच्या चाकांवर वजन खरोखर परत आणणारा एकच प्रकार आहे, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. त्यात हिचपासून ट्रेलरच्या दांड्यापर्यंत दोन स्प्रिंगच्या सळया ताणून बसवतात. त्या ताणाने गाडीचं नाक खाली दाबलं जातं आणि मागच्या अॅक्सलवरचा काही भार पुढच्या अॅक्सलवर व काही ट्रेलरच्या अॅक्सलवर जातो. अमेरिकेत हा हिच सर्रास दिसतो आणि त्याला कारण आहे. 3000 किलोचा ट्रेलर 12 टक्क्यांनी बॉलवर 360 किलो टाकतो. आपल्याच 1.4 च्या हिशेबाने मागे 504 वाढतात, पुढून 144 जातात. तिथे सळया हव्यातच. आपल्या 1200 किलोच्या ट्रेलरला आणि बॉलवरच्या 100 किलोंना हा खर्च अनावश्यक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. चेसिस वेगळी नसलेल्या, म्हणजे मोनोकॉक बांधणीच्या गाडीत तर कंपनीने लेखी मान्यता दिल्याशिवाय तो लावूच नये, कारण सळयांचा पिळा शेवटी मागच्या फ्लोअरच्या पत्र्यात उतरतो.

साध्या बॉलमध्येही निवड असते. युरोपीय आणि आंतरराष्ट्रीय मापाचा बॉल 50 मिलिमीटरचा. अमेरिकेचा दोन इंची, म्हणजे 50.8 मिलिमीटरचा. डोळ्याला फरक दिसत नाही. पण 50 च्या बॉलवर दोन इंची कपलर, म्हणजे ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड, बसवला तर तो सैल राहतो आणि झटक्यात सुटू शकतो. उलट केलं तर अडकून बसतो. बॉल आणि कपलर यांवर माप कोरलेलं असतं, ते वाचूनच जोडी लावायची. ट्रॅक्टर-ट्रॉलीची पिन आणि कडी हा जोड शेताच्या वेगाला ठीक आहे. उसाच्या हंगामात तो रोज काम करतो. पण पिनेच्या भोवती मोकळी जागा असते, त्यामुळे दर ब्रेकला धक्का बसतो. महामार्गाच्या वेगाने धावणाऱ्या कॅराव्हॅनला तो नको. गाडीसोबत येणारी स्क्रूची टो-आय तर केवळ बंद पडलेली गाडी ओढून बाजूला घ्यायला असते. तिच्यावर ट्रेलर जोडणं धोक्याचं आहे.

हिचवर डी-व्हॅल्यू, म्हणजे आडव्या ओढीची मर्यादा, छापलेली असते. गाडी आणि ट्रेलर यांची कमाल वजनं टनांत घ्या, गुणाकाराला बेरजेने भागा आणि 9.81 ने गुणा. आपल्या उदाहरणात 2.6 आणि 1.2 यांतून सुमारे 8.05 किलोन्यूटन येतात. हिचची डी-व्हॅल्यू यापेक्षा जास्त हवी, आणि बॉलवरच्या उभ्या वजनाची मर्यादा वेगळी पाहायची. गाडी लादलेली असताना बॉलच्या मध्याची उंची जमिनीपासून 350 ते 420 मिलिमीटर, ही युरोपीय पद्धत आहे. उंच एसयूव्हीत ती बसत नसेल तर बॉलची पट्टी खाली-वर करून ट्रेलर समपातळीत आणायचा. नाक वर करून चालणारा ट्रेलर बॉलवरचं वजन गमावतो.

जोडकाम पाहताना बोल्टच्या डोक्यावर नजर टाकावी. 8.8 असं कोरलेलं असेल तर तो बोल्ट साधारण 800 मेगापास्कल ताणाला तुटतो आणि त्याच्या 80 टक्क्यांना, म्हणजे 640 ला, कायमचा लांबतो. 10.9 चा अर्थही याच रीतीने काढायचा. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट हिचला वापरू नये. पिंपरी-चिंचवडमध्ये योग्य बोल्ट आणि टॉर्क रेंच दोन्ही सहज मिळतात, मग अंदाजाने आवळण्याला सबब उरत नाही. हिच कंपनीने दिलेल्या भोकांतूनच चेसिसला बसायला हवा. चेसिसवर वेल्डिंग केल्याने भोवतालच्या पोलादाचा कस बदलतो आणि तडा बरोबर तिथून सुरू होतो.

साधा बॉल ग्रीस लावून वापरायचा. पण स्वे रोखणारा घर्षणाचा कपलर घेतलात, तर त्यातले पॅड बॉलला चिमटीत धरून झोका दाबतात, आणि त्यांना बॉल कोरडा, चकचकीत हवा असतो. सवयीने ग्रीस लावलं की पॅड निकामी. हा कपलर हलक्या झोक्यावर चांगलं काम करतो. मागून जड भरलेला ट्रेलर मात्र त्याने सुधारत नाही. झोका सुरूच झाला तर अॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावं, गाडीचा ब्रेक जोरात दाबू नये आणि वेग वाढवून झोका मोडण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: आधी ट्रेलरचे ब्रेक, मग टायर, मग चांगला हिच, आणि सस्पेन्शन सगळ्यांत शेवटी. कारण आपल्याकडे घाट आहेत. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना साधारण 500 मीटरची उंची उतरावी लागते. 2600 किलोची गाडी एकटी उतरली तर सुमारे साडेतीन युनिट विजेएवढी ऊर्जा ब्रेक, इंजिन आणि हवेचा रोध यांना मिळून जिरवावी लागते. ट्रेलरसह 3700 किलो झाले की तीच पाच युनिटच्या पुढे जाते, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर ब्रेकच्या वाट्याचा सगळा भार गाडीच्या चार चाकांवर येतो. युरोपात 750 किलोपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. तिथला नेहमीचा प्रकार ओव्हररन ब्रेकचा: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, कपलरचा दांडा आत दबतो आणि त्याच दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. वायर नको, हवेचा कॉम्प्रेसर नको. आपल्या हौशी ट्रेलरना हा सगळ्यांत सोयीचा. उतारावर खालचा गिअर घेऊन वेग कमी मात्र ठेवायलाच हवा, कारण तिथे दांडा सतत दबलेला राहून ट्रेलरचे ब्रेक तापतात. सोबत सुरक्षा साखळी किंवा ब्रेकअवे केबल, म्हणजे जोड तुटलाच तर ट्रेलर मोकळा धावत सुटणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण टाळता येणार नाही अशी. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे ट्रेलर हेही मोटार वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेला सोडून बदल करता येत नाहीत, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून हिच आणि स्प्रिंगची ऑर्डर देण्याआधी एमएच-14 च्या आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारणा करावी. अपघातानंतर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या बाजूने येईलच असं नाही.

चाकणच्या कारखान्यात तयार होणारी स्कॉर्पिओ-एन 2023 पासून ऑस्ट्रेलियात विकली जाते आणि तिथे ब्रेक असलेला 2500 किलोचा ट्रेलर ओढण्याची तिची मर्यादा जाहीर केलेली आहे. तो आकडा उचलून इथल्या गाडीला लावू नये. देशागणिक इंजिन, कूलिंग, वायरिंग आणि मान्यता यांत फरक पडू शकतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तकात ओढण्याच्या वजनाचा आकडा सापडत नाही, काहींत ट्रेलर जोडू नये असं लिहिलेलं असतं. हाच पट्टा देशाला गाड्या पुरवतो, गाड्यांना मान्यता देणारी 1966 ची एआरएआय पुण्यात आहे, 1967 ची सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची संस्था भोसरीत आहे. मोजण्याचं ज्ञान आणि साधनं दारात असताना ग्राहकाने अंदाजाने ट्रेलर ओढावा, हे बरोबर नाही. इथल्या सर्व उत्पादकांना विनंती आहे की प्रत्येक मॉडेलसाठी ट्रेलरचं वजन, बॉलवरचं वजन आणि दोन्ही अॅक्सलच्या मर्यादा मराठी-हिंदी माहितीपुस्तकात छापाव्यात, आणि ट्रेलर ओढायचा नसेल तर तसं ठळक लिहावं. तो आकडा हाती येईपर्यंत, वाचकहो, सर्व्हिस सेंटरकडून तो लेखी मागा आणि मिळेपर्यंत हिच बसवू नका.